खंदारे साहेबांची बिनसाखरेची कॉफी

धम्मानंद खंदारे यांनी चहा सोडला, ही बातमी वसमतमध्ये सकाळी फुटली आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते आता फार दिवसांचे सोबती नाहीत, इथवर येऊन पोचली.

यात कुणाचं चुकलं असंही म्हणता येत नाही. ज्या माणसाने तालुक्याच्या सरकारी कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बसून उभी नोकरी चहावर काढली, तो माणूस एके दिवशी समोर आलेला कप बोटाने बाजूला सारून "नको, सोडला मी," असं म्हणतो, तेव्हा बघणाऱ्याने काय समजावं? कुणी दारू सोडली तर लोक अभिनंदन करतात. तंबाखू सोडली तर 'बघू किती दिवस' म्हणतात. चहा सोडणारा माणूस मात्र एक तर आतून गेलेला असतो, नाहीतर तुमच्यावर रागावलेला असतो.

"काय निघालं?" शेजारच्या रामकिशनकाकांनी कुंपणावरून विचारलं. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. समोरचा माणूस कुठे उतरणार हे चेहऱ्यावरून ओळखण्याची त्यांना जुनी सवय.

"काही न्हाई हो. लिव्हरवर जरा चरबी हाय. सोनोग्राफीत दिसली. थोडीच हाय म्हणले डॉक्टर."

"थोडी असती तर चहा सोडला असता का तुमी?" काका म्हणाले.

खरी गोष्ट अशी होती, की त्यांची मुलगी प्रियदर्शनी नांदेडला औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. बापाचा रिपोर्ट फोनवर पाहून तिने सांगितलं, की दिवसाकाठी इतका साखरेचा चहा पोटात जातोय तोवर लिव्हरला सुट्टी नाही. त्यापेक्षा कॉफी प्या. कॉफी पिणाऱ्यांची लिव्हरं चांगली राहतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. "पण काळी, पप्पा. बिनसाखरेची. गाळलेली असली तर अजून बरी, कोलेस्टेरॉल वाढत नाही. दिवसाला दोन-तीन कप, बस. दुपारनंतर नको, झोप उडते. जेवणासोबत नको, लोह अंगी लागत नाही. आणि बीपी ज्याला असेल त्याने जपून..."

"मला कुठाय बीपी?" धम्मानंदराव म्हणाले. 'लिव्हरं चांगली राहतात' याच्या पुढचं त्यांनी फारसं ऐकलं नव्हतं. सरकारी परिपत्रकातही ते पहिला परिच्छेद वाचून बाकीचा फायलीला लावत असत.

आता वसमतमध्ये कॉफी मिळत नाही असं नाही. किराणा दुकानात शॅम्पूच्या माळेशेजारी कॉफीच्या पुड्यांचीही माळ टांगलेली असते, आणि हिवाळ्यातल्या लग्नात फेसाची कॉफी करणारं यंत्र येतं, तेव्हा व्याही मंडळी मांडव सोडून त्याच्याभोवती उभी राहतात. धम्मानंदरावांनी एक पुडी आणली. बायकोने, करुणाताईंनी, पाणी उकळून त्यात टाकली. ते घोटभर प्याले आणि चष्मा लावून पुडीची मागची बाजू वाचू लागले. निम्मी कॉफी होती, निम्मी चिकोरी. चिकोरी म्हणजे कसलंसं भाजलेलं मूळ, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. एखाद्याचा जातीचा दाखला बनावट निघाल्यावर आस्थापनेच्या टेबलावर जी शांतता पसरते, ती त्या स्वयंपाकघरात पसरली.

"चांगली अस्सल मागवतो," ते म्हणाले, आणि फोनवर बोटं फिरवून त्यांनी कर्नाटकातल्या डोंगरातून भाजलेल्या कॉफीच्या बियांचं पार्सल मागवलं. अख्ख्या बिया. भेसळ करणाऱ्याला तिथे वाव नव्हता.

इथवर सगळं बरोबर होतं.

वसमतमध्ये पार्सलं यायची ती प्रेमसिंग राठोडच्या दुकानात. कुरिअरचा बोर्ड दारावर, आत मात्र कृषी सेवा केंद्र. खतं, औषधं, बियाणं. जून महिना होता. सोयाबीनची पेरणी तोंडावर आली होती आणि बोगस बियाण्याच्या तक्रारींनी तालुका तापला होता. पार्सल ज्या दिवशी दुकानात उतरलं, नेमकं त्याच दिवशी कृषी खात्याचं भरारी पथक तिथे शिरलं. पथकातल्या तरुण अधिकाऱ्याला कोपऱ्यात एक खोकं दिसलं. त्यावर इंग्रजीत 'बीन्स' लिहिलेलं होतं. पोत्यांच्या गर्दीत एवढंसं खोकं, तेही परराज्यातून. अधिकाऱ्याने ते उचलून टेबलावर ठेवलं आणि खोक्याच्या मालकाला बोलावणं धाडलं.

धम्मानंदराव पोचले तेव्हा खोकं उघडलेलं होतं.

"वाण कोणतं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"अरेबिका."

"महाराष्ट्रात शिफारस आहे का ह्याची?"

"साहेब, हे पेरायचं न्हाई. प्यायचं हाय."

अधिकाऱ्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बोगस बियाणं विकणाऱ्यांनी आजवर त्याला नाना कारणं सांगितली होती, पण हे नवीन होतं. "बियाणं पिता तुम्ही?"

"साहेब, भाजलेलं हाय ते," प्रेमसिंगने मध्ये तोंड घातलं. "वास घेऊन बघा."

"वासाचा कॉलम नाही आमच्याकडे."

या वाक्याने धम्मानंदराव आतून हलले. उभ्या नोकरीत त्यांनी स्वतः अशी वाक्यं बोलली होती, पण इतक्या सफाईने कधी नाही. तो पोरगेला अधिकारी नियमाप्रमाणे नमुना काढतो, पिशवीत भरतो, लाख वितळवून मोहोर लावतो, हे ते एखादी जुनी कला बघावी तसे बघत राहिले. नमुना उगवणक्षमतेच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत गेला. तिथे कुणीतरी कर्तव्यबुद्धीने त्या भाजलेल्या काळ्या बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आणि रोज पाणी शिंपडलं. अहवाल आला: उगवण शून्य टक्के. नमुना अप्रमाणित.

पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस आली.

धम्मानंदरावांनी आयुष्यात शेकडो नोटिसा काढल्या होत्या. मिळालेली ही पहिली. 'आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. लिहिताना ती इतकी गार लागत नाही. मग त्यांनी खुलासा दिला: 'सदर बियाणे भाजलेले असल्याने त्याची उगवण अपेक्षित नाही. सबब प्रकरण नस्तीबद्ध करावे.' तरुण अधिकाऱ्याने वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठ बंगळूरला दोनदा जाऊन आलेले होते. त्यांनी खोक्यात नाक घातलं, बराच वेळ काढलं नाही, आणि प्रकरण मिटलं.

पण गावात जायचं ते गेलंच होतं. खंदारे साहेबाचं बी बोगस निघालं, एक दाणा उगवला न्हाई, अशी ती बातमी. कुरुंद्याचे जळबा नावाचे हळदीचे शेतकरी, त्यांच्या ओळखीचे, मुद्दाम वाट वाकडी करून सांत्वनाला आले.

"मनाला लावून घेऊ नका साहेब," जळबा ओसरीवर टेकत म्हणाले. "गेल्या साली आमचंबी असंच झालं. दुबार पेरणी करून टाका."

धम्मानंदरावांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. जळबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कामाचा एकच प्रश्न विचारला. "मंग आता दळणार कशावर?"

ही अडचण कुणाच्या डोक्यात आली नव्हती. घरच्या मिक्सरचं भांडं फिरायचं, पातं फिरायचं नाही. गल्लीतल्या गिरणीवाल्याने पुडा बघूनच हात जोडले. ह्याच्यामागं ज्याची ज्वारी येईल त्याच्या भाकरी काळ्या होतील, म्हणाला. शेवटी जळबाच म्हणाले, "आपली हळदीची चक्की हाय की. घासून पुसून घेतो. द्या इकडं."

जळबांनी चक्की खरोखर घासली होती, याबद्दल शंका घेणं बरोबर नाही. पण कुरुंद्याची हळद ही पुसून जाणारी वस्तू नाही. कॉफी परत आली ती विटकरी रंगाची होऊन. धम्मानंदरावांनी मुलीला फोन लावून रंग सांगितला. तिने तो पुन्हा एकदा सांगायला लावला. रामकिशनकाकांचं मत मात्र स्वच्छ होतं: हळद लिव्हरला चांगलीच, म्हणजे एका तिकिटात दोन प्रवास झाले.

पहिला कप करुणाताईंनी रविवारी सकाळी केला. पाण्याला उकळी आणली, पूड टाकली, झाकण ठेवलं, मग मलमलच्या फडक्यातून गाळून स्टीलच्या पेल्यात ओतलं. त्या वासाने त्या स्वतःही चुलीपाशी थबकल्या. पावसाआधी तापलेल्या जमिनीचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा, जुन्या लाकडी पेटीचा, असा कसा कसा तो वास होता आणि मागून हळद. धम्मानंदराव पेला घेऊन ओसरीवर बसले. कडू होती. दुसरा घोटही कडू होता. तिसऱ्या घोटाला तो कडूपणा जरा बाजूला सरकला आणि त्याच्यामागे काहीतरी उभं होतं, ज्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

मग त्यांनी समोर पाहिलं.

समोर कडुलिंबाचं झाड होतं. त्यांनी ते हजारदा पाहिलं असेल, म्हणजे त्याच्याखाली गाडी लावली असेल. त्या सकाळी मात्र त्यांना पानं वेगवेगळी दिसली. प्रत्येक पानाची कड दातेरी. फांदीवर मुंग्यांची रांग वर चालली होती, दुसरी खाली येत होती, आणि समोरासमोर आलेली प्रत्येक मुंगी थांबून दुसरीला काहीतरी विचारून पुढे जात होती. धम्मानंदरावांचं तोंड जरा उघडंच राहिलं.

"करुणा," त्यांनी हाक मारली, "हा लिंब पहिल्यापासून इतका मोठा हाय का?"

"काहून? हलवायचा का?" आतून आवाज आला.

मुलीने दोन-तीन कप सांगितले होते. पण जी गोष्ट एका कपात लिंबाचं झाड दाखवते, ती चार कपांत काय काय दाखवेल, या विचाराने माणूस थांबत नाही. सकाळचे दोन झाले, मग अंघोळीनंतर एक, मग थर्मास कचेरीत जाऊ लागला. आणि कचेरीने असं काही पाहिलं, जे तिने कधी पाहिलं नव्हतं. धम्मानंदराव फायली काढू लागले. रोजच्या तर काढल्याच. मग कपाट उघडून मागच्या काढल्या. वर्षानुवर्षं बासनात बांधलेली प्रकरणं एका आठवड्यात मार्गी लागली. एक निवृत्त ग्रामसेवक आपली वेतननिश्चिती झाल्याचं पत्र घेऊन कचेरीत आले. आनंद व्हायच्या ऐवजी घाबरले होते. "साहेब, हे कुणी चेष्टा करून राहिलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

पलीकडच्या टेबलावरच्या संतोषने त्यांना समजावलं, की चेष्टा नाही, साहेब कॉफी पितात.

लोक नुसते बघायला येऊ लागले. ज्याच्या अंगात एवढं बळ येतं ते पेय कसं असतं, म्हणून संध्याकाळी घरीही माणसं जमू लागली. धम्मानंदराव पेला हातात धरून कॉफीचे गुण सांगायचे: लिव्हर सुधारते, साखरेचा आजार लांब राहतो, म्हातारपणी विसर पडत नाही, मन उदास होत नाही. समोरच्या घरातल्या सखुबाईंनी गुडघ्यांचं विचारलं. गुडघ्यांबद्दल अजून अभ्यास चालू आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खोटं असलं तरी सखुबाई दुसऱ्या दिवसापासून पेला घेऊन येऊ लागल्या. करुणाताई आता पातेल्याने कॉफी करत. सगळ्यांना देऊन झाल्यावर तळाशी उरलेली टाकून द्यायची त्यांना हिंमत होत नसे. त्या तीत दूध-साखर घालून ओट्याशी उभ्या उभ्या पिऊन टाकत आणि कपाळाला बाम चोळून पुढच्या कामाला लागत.

झोप गेली होती, पण धम्मानंदरावांना तिची फारशी आठवण येत नव्हती. छातीखाली जळजळ व्हायची; ती लिव्हरची चरबी जळत असणार, असा त्यांनी अर्थ लावला. अडचण आली ती भलतीकडूनच. बँकेने त्यांचा चेक परत पाठवला. सही जुळत नव्हती.

धम्मानंदरावांची सही म्हणजे वसमतमधली एक इमारत होती. तिच्यातला 'ध' बघून शिपाई कागद ओळखायचे. ते तावातावाने बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी एक कोरा कागद पुढे केला. "तीन नमुना सह्या करा."

त्यांनी केल्या. तीन वेगवेगळ्या माणसांच्या वाटाव्यात अशा झाल्या. तिसरी तर ओळीवरून उतरून कागदाच्या कडेला गेली होती. हात थरथरत होता, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"ओळख पटवणारं कुणी आहे का तुमच्यासोबत?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"मी खंदारे हाय," ते म्हणाले. "अख्खं गाव वळखतं मला."

"ते बरोबर आहे सर. पण सही ओळखत नाही ना."

हा अपमान छातीत नेमका कुठे लागतो ते धम्मानंदराव तपासतच होते, तेवढ्यात छाती स्वतःच सुरू झाली. आत कुणीतरी धावत सुटल्यासारखं. मध्येच एक पाऊल चुकायचं, मग दोन एकदम पडायची. ते बाकावर बसले. सुरक्षारक्षकाने पाणी दिलं, एका ओळखीच्या खातेदाराने धीर दिला, आणि दुसऱ्याने चपळाईने समोरच्या टपरीवरून आणून काय दिलं असेल, तर कॉफी.

घरी पोचेपर्यंत सगळी गल्ली तयार होती. सखुबाई लसणाच्या पाकळ्या घेऊन आल्या होत्या. रामकिशनकाकांनी डावा हात जड वाटतो का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर थोडं थांबून पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर तो खरंच जड वाटू लागला. कचेरीतून संतोष आला होता. त्याने तब्येतीची मनापासून चौकशी केली आणि निघताना अगदी हळू आवाजात, कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात तेवढं सांगून ठेवा, म्हणाला. त्या वाक्याने धम्मानंदराव जितके घाबरले, तितके छातीने घाबरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी नांदेडहून निलम मॅडम, हृदयाच्या डॉक्टर, आपलं यंत्र घेऊन वसमतच्या एका दवाखान्यात यायच्या. करुणाताई सोबत निघाल्या. रिक्षात त्या डोळे मिटून बसल्या होत्या. ऊन लागतंय, म्हणाल्या.

ईसीजी निघाला. मॅडमनी तो पाहिला. "कॉफी घेता का?"

"थोडी. दोन-तीन कप."

"ते सकाळचं सांगून राहिले," करुणाताई म्हणाल्या. "मंग थर्मास नेतात."

मॅडमच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं. एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बघू, म्हणाल्या. धम्मानंदराव डाव्या कुशीवर झोपले. छातीवर काहीतरी गार लागलं, मॅडमनी हातातलं यंत्र बरगडीशी टेकवलं आणि पडदा त्यांना दिसेल असा वळवला.

काळ्या पडद्यावर पंख्याच्या आकाराचा एक तुकडा उजळला. त्यात करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं. आधी त्यांना काही कळेना. मग दोन पातळ पापण्या दिसल्या. त्या उघडल्या, मिटल्या, उघडल्या, मिटल्या. बाजूची भिंत आत यायची, बाहेर जायची. कुणी सांगत नव्हतं, कुणी बघत नव्हतं, तरी चाललं होतं.

"हे माझं हाय?"

"मग काय माझं?" मॅडम म्हणाल्या.

"आणि हे असंच चालू असतं? मी झोपलो तरी?"

"झोपलात तरी."

किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा, सगळ्या तालुक्याच्या रजा धम्मानंदरावांच्या हातून गेल्या होत्या. एकही दिवस रजा न घेतलेला कर्मचारी त्यांनी आज पाहिला, तोही स्वतःच्या सदऱ्याखाली. गेला महिनाभर आपण त्याला पेल्यामागून पेला पाजून पळवत होतो, हे आठवून त्यांना ओशाळल्यासारखं झालं. लिंबाच्या झाडासमोर उघडं राहिलेलं तोंड काहीच नव्हतं. हे त्याहून कितीतरी मोठं होतं, आणि मूठभरच होतं.

"हृदय एकदम छान आहे," मॅडम म्हणाल्या. "कॉफी वाईट नाही. लिव्हरला खरंच चांगली. पण दोन कप, सकाळचे. एवढी प्यायलात तर धडधडणारच. शितल, ह्यांचं बीपी पुन्हा एकदा बघून घे."

शितल नावाच्या नर्सने पट्टा गुंडाळला. आकडा थोडा जास्त आला. धम्मानंदरावांच्या अंगातला आस्थापनेचा माणूस आता जागा झाला होता. "हे मशीन बराबर हाय का?" त्यांनी विचारलं. "तपासणी कधी झाली ह्याची? आमच्या मंडळींचं घेऊन बघा. तिला काही तकलीफ न्हाई. लगेच कळंल."

"माझं कशाला?" करुणाताई म्हणाल्या, पण त्यांनी हात पुढे केला.

शितलने पट्टा फुगवला. यंत्र फुगतच गेलं. आकडा आला तो तिने कुणाला सांगितला नाही.

"बघा," तो वाकून वाचत धम्मानंदराव म्हणाले, "एकशे नव्वद. मी काय म्हणलो? मशीनच गेलेलं हाय."

शितलने दुसऱ्या हाताला पट्टा लावला. मग जुन्या पद्धतीचं, पाऱ्याचं यंत्र आणून कानाला नळ्या लावल्या. पारा चढला आणि लवकर उतरेना. ती उठून मॅडमच्या कानाशी लागली, आणि धम्मानंदरावांना कळलं, की यंत्र बरोबर आहे.

मॅडम येऊन करुणाताईंच्या जवळ बसल्या. "डोकं दुखतं का ताई?"

"दुखतंच की. सगळ्यांचंच दुखतं."

"कधीपासून?"

"प्रिया धाव्वीला होती, तवापासून आसंल."

"कॉफी पिता?"

"मी कुठं पिते," करुणाताई म्हणाल्या. "मी उरलेली पिते."

मॅडमनी मान हलवली. हे कॉफीने आलेलं नाही, त्या समजावू लागल्या. प्रेशर जुनंच असणार, कुणी मोजलंच नव्हतं. कॉफीने त्याला वर ढकललं, एवढंच. इतकं प्रेशर असताना कॉफी अजिबात नको, मीठ कमी, आणि गोळी रोजची. अजून थोडे महिने असंच गेलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही. धम्मानंदराव हातात करुणाताईंची पिशवी धरून उभे होते. गोळी दिली गेली, थोडा वेळ गेला, आकडा जरा खाली आला. मग मॅडम म्हणाल्या, "हृदयावर किती ताण आलाय बघू. झोपा ताई, भिंतीकडे तोंड करून."

शितलने धम्मानंदरावांना बसायला स्टूल दिलं.

पडदा पुन्हा उजळला. पुन्हा त्या दोन पापण्या, उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या. पण इथली भिंत जाड होती. धम्मानंदरावांनाही फरक दिसला. "अशी का?" त्यांनी विचारलं.

"जोर लावावा लागला की जाड होते," मॅडम म्हणाल्या. "वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध ढकलत आलंय ते. हमालाचा दंड होतो ना, तसं. घाबरू नका, वेळेत आलात. औषधाने थांबेल, थोडं उतरेलही."

त्यांनी एक कळ दाबली आणि खोलीत आवाज घुमला. ओल्या मोटेसारखा, खोल, एका चालीत: झप, झप, झप. ओट्याशी उभं राहून पातेलं ढवळतानाही हाच आवाज चालू होता. सखुबाईंचा पेला भरतानाही, थर्मासचं झाकण लावतानाही. ओसरीपासून हाकेच्या अंतरावर इतकं मोठं काम चाललेलं होतं आणि ते लिंबाची पानं मोजत बसले होते.

धम्मानंदराव स्टुलावरून उठून उभे राहिले.

"बसा ना," मॅडम म्हणाल्या. "वेळ लागेल अजून."

"असू द्या," ते म्हणाले आणि उभेच राहिले, दोन्ही हात सरळ खाली सोडून.

करुणाताईंचं तोंड भिंतीकडे होतं. त्यांना पडदा दिसत नव्हता. एवढा वेळ मागे कुणीच बोलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"अहो," त्यांनी विचारलं, "काय दिसून राहिलं तिकडं?"

धम्मानंदरावांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"काम चालू हाय," ते म्हणाले.